‘कागद’ नावाचा फोल्डर

आमच्या घरात रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारला एका मिनिटाचाही उशीर चालत नाही. उशिराची मुभा होती ती फक्त माझ्या लॅपटॉपला. बटण दाबून मी वजू करायचो, नमाज पढून यायचो, तरी पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरतच असायचं. बायको म्हणायची, “तुमच्यापेक्षा त्यालाच रोजा जास्त लागतो.”

हा लॅपटॉप मी २०१४ साली शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला. ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. दुकानदार तेव्हा म्हणाला होता, “गुरुजी, पाचशे जीबी म्हणजे तुमच्या जन्माला पुरेल.” जागा पुरली, त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. शाळेचे निकाल, प्रश्नपत्रिका, माझे लेख, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं मावून निम्मी डिस्क मोकळीच होती. पण डिस्कचंही आयुष्य असतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

२०२३चा रमजान २४ मार्चला सुरू झाला. सोलापूरचं ऊन तापायला लागलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या रोजाला लॅपटॉपच्या पोटातून आवाज यायला लागला. कुणी टेबलावर नख वाजवावं तसा टक् टक् आवाज, मग थोडी कुरकुर, मग शांतता. तेवढा वेळ पडदा गोठून जायचा. मी तो उचलून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात नेला. मुलगा पद्मशाली घरातला. घरी तेलुगू बोलतो, दुकानात हिंदी आणि माझ्याशी शाळेतली मराठी. शाळेत असताना शुद्धलेखनात कच्चा होता. आता सगळ्या शहराचे संगणक दुरुस्त करतो.

त्यानं कसलीशी तपासणी लावली. पडद्यावर पिवळ्या-तांबड्या रंगात आकडे आले. म्हणाला, “सर, डिस्क चाललीय. सेक्टर खराब व्हायला लागलेत. आता जास्त चालू करू नका.”

“म्हणजे नवा लॅपटॉप?”

“कशाला? एसएसडी टाकू. तीन-साडेतीन हजारात काम होईल. बाकी मशीन चांगलं आहे. बघा, कसं पळतंय ते.”

माझा चेहरा पाहून त्यानं शेल्फातून एक मेलेली हार्ड डिस्क काढली आणि पेचकसानं तिचं झाकण उघडलं. आत आरशासारखी चकचकीत तबकडी होती आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या सुईसारखा एक बारीक दांडा. “सर, तुमच्या डिस्कमधली ही तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे. या दांड्याच्या टोकाला वाचणारं हेड आहे. ते तबकडीला टेकत नाही, तिच्यावर हवेत तरंगतं. मध्ये केसाएवढीही जागा नाही. केस फार जाड झाला.” ही रीत जुनीच आहे. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि एवढ्या कपाटभर यंत्रात आजच्या मोबाइलमधला एखादाच फोटो मावला असता. तबकड्या लहान होत गेल्या, साठा लाखपटीनं वाढला, पण फिरणारी चकती आणि सरकणारा दांडा ही मूळ कल्पना तीच राहिली.

लॅपटॉप हळू का होतो, तेही मला तिथंच कळलं. आपण बटण दाबलं की विंडोजला हजारो लहान लहान गोष्टी वाचायच्या असतात आणि त्या तबकडीवर एका जागी नसतात. दांड्यानं तिथं जायचं, तबकडीचा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं, वाचायचं, पुन्हा दुसरीकडे जायचं. एका खेपेला सेकंदाचा शंभरावा-साठावा भाग लागतो. ऐकायला थोडा, पण हजारो खेपांचा हिशेब मिनिटांवर जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो आणि कोणत्याही कप्प्याशी जवळजवळ सारख्याच वेळात पोचता येतं. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्यानं १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. आपला पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमधली साठवण त्याच कुळातली.

“मग असं करतो,” मुलगा म्हणाला, “नवीन एसएसडीवर नवीन विंडोज मारतो. तुमचा महत्त्वाचा डेटा कोणता ते सांगा, तेवढा काढून देतो.”

महत्त्वाचा डेटा कोणता? मी सांगायला सुरुवात केली. लेख, फोटो, पेन्शनची कागदपत्रं. बोलता बोलता डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या एका फोल्डरवर नजर गेली आणि मी थांबलो. फोल्डरचं नाव होतं ‘कागद’. तीन वर्षं मी तो उघडला नव्हता.

ही गोष्ट २०१९च्या हिवाळ्यातली. ३१ ऑगस्ट २०१९ला आसामच्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली आणि एकोणीस लाखांहून अधिक माणसं तिच्याबाहेर राहिली. डिसेंबरमध्ये संसदेनं नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर केला. आसाम आमच्यापासून फार लांब. पण भीतीला अंतर समजत नाही. मोहल्ल्यात कुणी कुणाला उघड काही बोलत नव्हतं, तरी प्रत्येक घरातली माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली होती. कापडात गुंडाळलेले, घड्यांवर फाटलेले, वाळवीनं कडा खाल्लेले कागद लोक उन्हात पसरून बसले होते. माझ्याकडे स्कॅनर होता. एकानं येऊन विचारलं, “मास्तर, याची एक कॉपी तुमच्या मशीनमध्ये ठेवता का? घर गळकं आहे.” मी ठेवली. दुसऱ्या दिवशी चौघे आले. पंधरा दिवसांत त्रेसष्ट घरं झाली आणि चौदाशेच्या वर फायली.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. पण या शहराचा इतिहास मला त्या पंधरा दिवसांत जेवढा कळला तेवढा कोणत्याही पुस्तकातून कळला नव्हता. कुणाच्या आजोबांचं मोडीतलं खरेदीखत. तुळजापूर-नळदुर्गकडून आलेल्यांचे निजामाच्या अमदानीतले उर्दू कागद. विजापूरकडच्या सुनांचे कन्नड दाखले. गिरणी केव्हाच बंद पडली, तिचा पितळी बिल्ला एका घरानं जपून ठेवला होता. तोही मी स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला. एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यात महंमद, रेशनकार्डावर मोहम्मद आणि मतदारयादीत महमद. बापाचं आडनाव शेख, मुलाचं शेक. आणि निम्म्या मोहल्ल्याची जन्मतारीख १ जून. कारण शाळेत नाव घालायला आलेल्या अडाणी आईबापांना तारीख सांगता आली नाही की आमच्याच पेशातले गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. मीसुद्धा दोन-चार वेळा लिहिली आहे. त्या एका फटकाऱ्याचं ओझं पुढे कुणाच्या डोक्यावर बसेल, हे तेव्हा मनात आलं नाही. त्या पंधरा दिवसांत ते रोज मनात येत होतं.

लोक कागद द्यायचे, स्कॅन होईपर्यंत उभे राहायचे, परत घेताना कपाळाला लावायचे. जाताना एकच शब्द बोलायचे, “अमानत आहे मास्तर.”

हा शब्द आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत असतो. हिजरतच्या रात्री मक्केतून निघताना पैगंबरांनी (स.) हजरत अलींना (रजि.) मागे ठेवलं, ते लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. आणि त्या ठेवी ज्यांच्या होत्या त्यांच्यातले कित्येक पैगंबरांच्या जिवावर उठलेले होते. हा किस्सा मी मुलांना कितीदा तरी सांगितला असेल. माझ्याकडे मात्र मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि माणसं जगण्या-मरण्याच्या काळजीत कागद विसरली. मीही विसरलो. त्या चौदाशे फायलींची दुसरी प्रत मी कुठेही केली नव्हती. तीन वर्षं ती सगळी अमानत सेकंदाला नव्वद फेरे घेणाऱ्या एका तबकडीवर होती. आणि ती तबकडी आता टक् टक् करत होती.

मी त्या मुलाला म्हटलं, “नवीन विंडोज नको. आहे तसंच्या तसं नव्या डिस्कवर यायला पाहिजे. काही निवडायचं नाही.”

त्याला दुसरंही एक कारण मी सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं. माझे वीस वर्षांचे लेख युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ते फॉन्ट यंत्रात असतील तरच अक्षरं दिसतात. नसतील तर तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा आणि चिन्हांचा कचरा समोर येतो. मजकूर शाबूत, पण वाचता येत नाही. मराठीत लिहिणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही.

मुलानं डोकं खाजवलं. “सर, मग क्लोन करावा लागेल. पण खराब डिस्कचा साधा क्लोन मध्येच अडकतो. आणि एसएसडीही मापाची पाहिजे. ४८० जीबीची स्वस्त मिळते, पण तुमची ५००ची आहे. सेक्टर टू सेक्टर उतरवायचं तर नवीन डिस्क जुन्याएवढी किंवा मोठीच लागते. ५१२ची घेऊ. डिस्क इथं ठेवून जा, रात्रभर लावतो.”

“ठेवून नाही जाता येणार.”

“सर, माझ्यावर विश्वास नाही का?”

“तुझ्यावर आहे रे. पण त्यात जे आहे ते माझं नाही.”

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “रात्री दुकान बंद करून घरीच येतो.”

मी तरावीहहून परतलो तेव्हा तो बैठकीत बसला होता आणि बायकोनं त्याच्यासमोर भज्यांची ताटली ठेवली होती. त्यानं माझ्या लॅपटॉपमधून हार्ड डिस्क काढली, हातभर केबलनं ती स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि दुसऱ्या केबलला नवी एसएसडी लावली. हातात घेऊन पाहिली तर वजनच लागेना. आकार जुन्या डिस्कचाच, पण आगपेटीएवढी हलकी. दुकानदारानं रिकामा डबा तर दिला नाही ना, अशी शंका यावी.

त्यानं पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. त्याची पद्धत मला आवडली. साधा प्रोग्रॅम खराब जागेपाशी हट्टानं अडून बसतो, आणि तेवढ्यात मरणाला टेकलेली डिस्क पुरती मरते. हा प्रोग्रॅम आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो. अवघड जागा आली की तिची नोंद करून पुढे जातो. चांगलं ते सगळं पलीकडे पोचल्यावर मग परत फिरून एकेका खराब जागेपाशी जातो, थोडं थोडं वाचायचा प्रयत्न करतो. परीक्षेत आधी येणारे प्रश्न सोडवा, अडलेल्या प्रश्नावर बसून राहू नका, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. हा मुलगाही ते ऐकूनच गेला होता.

साडेबारा-एकपर्यंत आकडा भराभर वाढला. नव्वद टक्के, पंचाण्णव टक्के. मग गती मंदावली. डिस्क कुरकुरायची, थांबायची, पुन्हा चालू व्हायची. दोनच्या सुमाराला लाइट गेली. मी ताडकन उठलो. मुलगा म्हणाला, “बसा सर, माझ्या मशीनला बॅटरी आहे, दोन्ही डिस्क तिच्यावरच चालल्यात.” अंधारात पडद्याचा उजेड आणि डिस्कचा टक् टक् आवाज, एवढंच उरलं. मी तसबीह हातात घेऊन बसून राहिलो. खरं सांगतो, त्या रात्री माझे लेख, पेन्शन, मुलीच्या लग्नाचे फोटो यांतलं काहीही डोळ्यांसमोर आलं नाही. कपाळाला कागद लावणारी माणसं येत होती.

सहरीच्या वेळी तो म्हणाला, “सर, जवळजवळ सगळं आलं. सहा एमबी राहिलंय. चार वेळा प्रयत्न केले, नाही येत.” पाचशे जीबीत सहा एमबी म्हणजे काहीच नाही. पण ते सहा एमबी कशातले, हे त्याला सांगता येईना. आमच्याबरोबर दूध-खजूर खाऊन तो घरी झोपायला गेला.

दुपारी येऊन त्यानं एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवली. चार स्क्रू. बटण दाबलं. मी सवयीनं उठायला लागलो तोवर समोर डेस्कटॉप हजर. वीस सेकंदही लागले नसतील. बायको आतून पाहायला आली आणि म्हणाली, “याचा रोजा सुटला वाटतं.” माझा जुना लेख उघडून पाहिला. जोडाक्षरं, रफार, सगळं जागच्या जागी.

मग मी ‘कागद’ उघडला. रमजानचे पुढचे आठ-दहा दिवस झोहरनंतर मी चौदाशे फायली एकेक करून तपासल्या. जुन्या डिस्कवर एक फोटो उघडायला चार-पाच सेकंद लागायचे आणि हे काम मी कधीच केलं नसतं. आता बोट ठेवताच कागद समोर येत होता. नव्या डिस्कचा खरा उपयोग मला तिथं झाला. लॅपटॉप पळायला लागला म्हणून मला बसून पाहायला सवड मिळाली.

अकरा फायली बिघडल्या होत्या. फोटोचा वरचा भाग नीट आणि मध्येच कुणी करडा पडदा ओढल्यासारखा खाली सगळा राखाडी रंग. त्यातल्या दहांचे मूळ कागद लोकांच्या घरी सुखरूप होते. मी जाऊन पुन्हा स्कॅन करून आणले. अकरावी फाइल विड्या वळणाऱ्या खालाची होती.

खाला आमच्या मागच्या गल्लीत राहायची. जन्मभर सुपात तेंदूपत्ता घेऊन बसलेली. ती शाळेत कधी गेलीच नाही, म्हणून दाखला नव्हता. तिच्याकडे एकच जुना कागद होता, विडी कामगाराचं ओळखपत्र. वर ऐन तारुण्यातला फोटो आणि नाव, खाली तारीख, शिक्का आणि तिचा अंगठा. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये सोलापुरात मोठा पाऊस झाला तेव्हा तिच्या घरात पाणी शिरलं आणि ते कार्ड गेलं. “मास्तरच्या मशीनमध्ये आहे,” असं ती मुलाला सांगायची म्हणे. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली.

माझ्याकडच्या फाइलीत वरचा निम्मा भाग आला होता. खाली अंगठ्याच्या जागी करडा रंग.

मी तीन दिवस तिच्या घरी गेलो नाही. काय सांगायचं? तुझ्या आईनं विश्वासानं ठेवलं आणि मी निम्मं घालवलं? शेवटी आलेली तेवढी फाइल छापून घेतली आणि असरनंतर गेलो. तिचा मुलगा रिक्षा चालवतो. दारातच भेटला. मी सगळं सांगितलं. डिस्क कशी खराब झाली, किती राहिलं, दोष माझा कसा. तो ऐकत होता की नाही, कळेना. तो कागदाकडे पाहत होता.

“मास्तर, ये अम्मी है?”

“हां.”

“इतनी जवान?” त्यानं बायकोला हाक मारली, पोरांना हाक मारली. “देखो, तुमारी दादी.” मग मला म्हणाला, “अमारे पास अम्मी का एकच फोटो है, दवाखाने का. नळी लगायेला.”

अंगठ्याचं त्यानं विचारलंही नाही. मीच म्हटलं, “खालचा भाग नाही आला. पुरावा म्हणून याचा उपयोग व्हायचा नाही.”

“पुरावा किसको देनेका, मास्तर? अम्मी तो गयी.” एवढं बोलून तो कागद घेऊन आत गेला.

मी घरी येताना त्याचाच विचार करत होतो. आम्ही त्या हिवाळ्यात जे गोळा केलं त्याला पुरावे समजलो होतो. सरकारी खिडकीत दाखवायची वस्तू. म्हणून नाव, तारीख आणि शिक्का स्पष्ट दिसतो की नाही, एवढंच मी पाहत होतो. चेहऱ्याकडे लक्षच दिलं नव्हतं. खालाच्या घरी तो कागद आता भिंतीवर आहे. गिरणीचा बिल्ला ज्या घरातला, तिथल्या नातवाला आपला पणजोबा गिरणीत कोणत्या खात्यात होता हे त्यावरूनच कळलं. हे आमच्या या मातीतल्या असण्याचे कागद आहेत. कुणी मागो न मागो, ते ज्यांच्या त्यांच्या घरी असायला हवेत, पोरांनी पाहायला हवेत. माझ्या लॅपटॉपमध्ये कुलूपबंद राहून त्यांचा काय उपयोग होता?

आणि नवी डिस्क आली म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नव्हतं. त्या मुलानं मला नीट बजावलं होतं. हार्ड डिस्क जाताना निदान कुरकुरते, सूचना देते. एसएसडी पुष्कळदा काहीही न सांगता एका क्षणात बंद पडते. तिच्यावर एखादी फाइल पुसली की तिची जागाही थोड्याच वेळात आतून साफ केली जाते. जुन्या तबकडीवर पुसलेलं कधीकधी परत मिळायचं, इथं ती आशा फारशी नाही. शिवाय तिला वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकून ठेवली, तर कप्प्यांतला विद्युतभार हळूहळू झिरपून जाऊ शकतो. हे ऐकताना मला तरावीह पढवणारे आमचे हाफिजसाहेब आठवले. सगळं कुराण त्यांना पाठ, तरी रमजानच्या आधी महिनाभर ते दुसऱ्या हाफिजाला समोर बसवून दौर करतात. “दौर सुटला की याद सुटते,” असं म्हणतात. आणि एवढे पाठ असणारे असूनही, इ.स. ६३२-३३मध्ये यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी धोका ओळखला, हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून सगळं कुराण एकत्र लिहून घेतलं, आणि पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या नकला करून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. पवित्र ग्रंथाशी आमच्या रेशनकार्डांची तुलना करायचा माझा हेतू नाही. पण जपायचं कसं, याची शिकवण आपल्या घरातच होती. एका जागी ठेवू नका, पुन्हा पुन्हा वाचा, नकला करून ज्यांच्या त्यांच्याकडे पाठवा. मी तिन्ही गोष्टी केल्या नव्हत्या.

त्या वर्षीची ईद २२ एप्रिलला झाली. ईदीच्या पाकिटांबरोबर मी त्रेसष्ट लखोटे तयार केले होते. प्रत्येकात त्या घराच्या कागदांच्या छापील प्रती. ज्यांच्या घरी शिकलेली पोरं आहेत त्यांच्या मोबाइलमध्ये फायलीही टाकून दिल्या. वहीत पोच म्हणून सह्या आणि अंगठे घेतले. बायको हसत होती, “ईद आहे की कोर्ट?” पण अमानत परत दिल्याची पोच घेतल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. दिलेल्या घराच्या फायली मी लॅपटॉपमधून काढून टाकत गेलो. फक्त ज्यांनी “असू द्या तुमच्याकडंही” असं सांगितलं, त्यांच्या ठेवल्या, आणि त्यांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर केली.

राहिली ती जुनी हार्ड डिस्क. दुकानात ती दिली असती तर दोन-तीनशे रुपये सुटले असते. पण तिच्यावर अजून त्रेसष्ट घरांची नावं, तारखा, अंगठे होते, आणि असल्या डिस्कवरचं काढणारे लोक बाजारात बसलेले असतात. मुलगा म्हणाला, “फोडून टाका सर, हातोडीनं. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, एका फटक्यात चुरा.” मी हातोडी घेतली, तशी बायकोनं हात धरला.

“त्यात तिलावत होती ना? तुम्ही मोबाइलवरून टाकलेली. अब्बांच्या आवाजातली.”

होती. माझ्या अब्बांनी पढलेल्या सूरह यासीनचं ते एकच रेकॉर्डिंग. नव्या डिस्कवर ते सुखरूप आलं होतं, पण जुनीवरही ते होतंच. आपल्याकडे जीर्ण झालेले पाक कागद कुणी कचऱ्यात टाकत नाही, अदबीनं ठंडे करतात. या लोखंडी डबीचं काय करायचं, हे आम्हा दोघांनाही सुचेना. शेवटी बायकोच म्हणाली, “आधी पुसून घ्या. रिकामी झाली की मग काय करायचं ते करा.”

तिनं श्रद्धेपोटी सांगितलं ते त्या मुलालाही बरोबर वाटलं. पुन्हा एका रात्री केबल लावून त्यानं त्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहायला लावली. खराब जागांवर लिहिलं जात नाही, त्यांत काही अवशेष राहू शकतात, म्हणून नंतर फोडायचीही होतीच. सकाळी मी ती पोत्यात गुंडाळली, बिस्मिल्लाह म्हणून हातोडी मारली. आतून काचेचा बारीक आवाज आला. नऊ वर्षं जी एवढ्या वेगानं फिरत होती, तिचा मूठभर चुरा झाला.

त्रेसष्टांपैकी चार लखोटे अजून माझ्या कपाटात आहेत. दोन घरं पुण्याला गेली, एक कुठे गेलं ते कळत नाही. चौथ्या घरातला म्हातारा इथंच आहे. तो दर ईदला येतो, शीरखुर्मा खातो आणि जाताना म्हणतो, “राहू दे मास्तर, तुझ्याकडंच बरं आहे.” मी त्याला दरवेळी सांगतो, चाचा, मी सत्तरीकडे चाललोय. तो म्हणतो, “मी पंच्याऐंशीचा आहे. आधी मी जाईन.” मग आम्ही दोघंही हसतो. तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडतो. लगेच उघडतो. त्याची फाइल नीट आहे ना, ते एकदा पाहतो. आजोबांचं मोडीतलं खरेदीखत, चौथीचा दाखला. जन्मतारीख, १ जून.